पडद्यापलीकडचा रुग्ण आणि उद्याचे डॉक्टर

हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले आणि तेही दूरदृश्य प्रणालीद्वारे. पंतप्रधानांनी त्या दिवशी एकाच कार्यक्रमात राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा शुभारंभ केला. त्यात मराठवाड्यातील जालना आणि हिंगोली ही दोन होती. हिंगोलीला एमबीबीएसच्या १०० जागा मिळाल्या. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळायला पंचवीस वर्षे लागली.

पहिल्या तुकडीतील मुले-मुली साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून २०२९ च्या सुमारास इंटर्न होतील. त्यांच्या वाट्याला येणारे सगळेच रुग्ण समोरच्या स्टुलावर बसलेले नसतील. काही जण सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात, टॅबच्या पडद्यापलीकडे बसलेले असतील. अशा रुग्णाला काय विचारायचे, कोणते औषध लिहायचे नाही आणि कोणत्या क्षणी ‘बोलणे पुरे, आधी गाडीत बसा’ असे सांगायचे, हे या मुलांना शिकावे लागेल. पडद्यावर दिसणारा रुग्ण खराखुरा असतो आणि त्याच्यावर केलेली चूकही खरीच असते.

गावापासून तज्ज्ञापर्यंतचे अंतर

२०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातील जवळपास ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. गुंतागुंतीचा आजार म्हटला की इथल्या माणसाच्या तोंडी नांदेडचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे नाव येते. सोयाबीन काढणीच्या किंवा हळद शिजवण्याच्या दिवसांत तिकडे जाणे म्हणजे रुग्णाची एक मजुरी बुडाली, सोबत आलेल्याची दुसरी बुडाली आणि गाडीभाडे वेगळेच. त्यामुळे ‘पुढच्या हप्त्यात बघू’ म्हणत दुखणे अंगावर काढले जाते.

ही अडचण कमी करण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘ई-संजीवनी’ सुरू केली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ही प्रणाली तयार केली आहे. तिचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात रुग्ण गावच्या उपकेंद्रात म्हणजे आरोग्यवर्धिनी केंद्रात येतो. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी त्याची माहिती भरतात आणि दूरच्या डॉक्टरांशी बोलणे करून देतात. दुसऱ्या मार्गात रुग्ण घरूनच मोबाइलवर सल्ला घेतो. ही घरबसल्या ओपीडी टाळेबंदीच्या काळात, १३ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या प्रणालीवरून देशभरात १० कोटी सल्ले दिले गेले आणि ते घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक महिला होत्या.

दुरून वैद्यकीय सल्ला देण्याची कल्पना तशी जुनी आहे. हृदयाचा विद्युत आलेख शोधणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी १९०५ मध्येच लायडनच्या रुग्णालयातील रुग्णांच्या हृदयाचे आलेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत मिळवले होते. भारतात २००० मध्ये आंध्र प्रदेशातील आरागोंडा या खेड्यातल्या रुग्णालयातून टेलिमेडिसिनचा प्रयोग सुरू झाला. पुढे इस्रोच्या उपग्रहांच्या मदतीने दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडली गेली. यंत्रे बदलत गेली, पण पलीकडे बसलेल्या डॉक्टरला शिकवायचे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

आवड भरपूर, नियमांची ओळख कमी

देशातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत इंटर्न आणि निवासी डॉक्टरांना प्रश्नावली देऊन टेलिमेडिसिनविषयीचे ज्ञान, वृत्ती आणि प्रत्यक्ष वापर तपासला गेला आहे. अशा पाहण्यांतून वारंवार दिसणारे चित्र साधारण सारखे आहे. तरुण डॉक्टरांची वृत्ती अनुकूल असते. यामुळे रुग्णाचा वेळ आणि पैसा वाचतो, दुर्गम भागाला फायदा होतो, हे बहुतेकांना मान्य असते. पण नियम काय आहेत, संमती कशी घ्यायची, कोणती औषधे लिहिता येत नाहीत, असे नेमके प्रश्न आले की उत्तरे डळमळतात. प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेले त्याहून कमी.

याचे कारण समजण्यासारखे आहे. ही पिढी मोबाइल हातात घेऊनच मोठी झाली. व्हिडीओ कॉल तिला नवा नाही, म्हणून टेलिमेडिसिनही आपल्याला येतेच, असे वाटून जाते. पण कॉल लावता येणे वेगळे आणि कॉलवरून रुग्ण तपासता येणे वेगळे. दुचाकी चालवता येते म्हणून कोणी रुग्णवाहिकेचे स्टिअरिंग हाती देत नाही.

प्रत्येक इंटर्नला यायला हवेत असे पाच प्रश्न

भारतात याचे नियम २५ मार्च २०२० रोजी आले. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या साहाय्याने ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ तयार केल्या आणि त्या डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला जोडल्या. त्यांतील पाच गोष्टी शिकाऊ डॉक्टरला पाठ हव्यात.

पहिला प्रश्न : सल्ला कोण देऊ शकतो? फक्त नोंदणीकृत डॉक्टर. इंटर्नला मिळते ती तात्पुरती नोंदणी आणि ती प्रशिक्षणाच्या चौकटीपुरती असते. म्हणजे इंटर्नने वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकावे. गावातल्या ओळखीच्यांना आपल्या मोबाइलवरून परस्पर औषधे सांगू नयेत. ‘आपला दादा डॉक्टर व्हायलाय’ म्हणून अर्ध्या गावाचे फोन ज्याला येतात, त्या विद्यार्थ्याने हा नियम सर्वांत आधी लक्षात ठेवायला हवा.

दुसरा प्रश्न : संमती कशी? रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. मात्र आरोग्य कर्मचारी, नातेवाईक किंवा खुद्द डॉक्टर यांनी सल्लामसलत सुरू केली असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन तिची नोंद ठेवावी लागते. उपकेंद्रातून होणारे सल्ले याच दुसऱ्या प्रकारात येतात.

तिसरा प्रश्न : कोणते औषध लिहिता येते? औषधांच्या याद्या ठरलेल्या आहेत. पॅरासिटॅमॉल किंवा ओआरएससारखी साधी औषधे फोन, मेसेज किंवा व्हिडीओ, कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधे पहिल्या भेटीत लिहायची तर व्हिडीओवर रुग्ण पाहावा लागतो. काही औषधे केवळ फेरतपासणीत, म्हणजे त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवून गेलेल्या रुग्णालाच वाढवून देता येतात. गुंगी आणणारी, व्यसन लावणारी आणि अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी प्रतिबंधित औषधे टेलिमेडिसिनवर लिहिताच येत नाहीत.

चौथा प्रश्न : नोंद कोण ठेवणार? डॉक्टर. सल्ल्याचा तपशील, पाहिलेले अहवाल, दिलेली चिठ्ठी हे सारे जपून ठेवणे त्याचे काम आहे आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. व्हॉट्सॲपवर बोलण्याची मुभा आहे, पण रुग्णाचे नाव दिसणारा ईसीजी मित्रांच्या ग्रुपवर टाकण्याची नाही.

पाचवा प्रश्न : तातडीच्या रुग्णाचे काय? अशा वेळी फोनवरचा सल्ला प्रथमोपचार आणि योग्य ठिकाणी पाठवणी इतकाच. पावसाळ्यात शेतात साप चावला, छातीत कळ आली, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, फवारणी करून आलेल्याला घाम आणि उलट्या सुरू झाल्या, अशा रुग्णांना पडद्यासमोर बसवून ठेवणे म्हणजे हातची मिनिटे घालवणे. तिथे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हेच पहिले औषध.

भीतीचेही कारण आहे

अनुकूल वृत्तीच्या आत एक भीतीही लपलेली असते. फोनवर सल्ला दिला आणि काही बरेवाईट झाले तर? ही भीती हवेतून आलेली नाही. रत्नागिरीत प्रसूतीनंतर झालेल्या एका महिलेच्या मृत्यूप्रकरणी जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला होता. डॉक्टर हजर नसताना रुग्णाला दाखल करून फोनवरील सूचनांनुसार उपचार केल्याचा मुद्दा त्यात कळीचा होता. या निकालानंतर राज्यातील डॉक्टरांत फोनवर सल्ला द्यावा की नाही, यावर मोठी चर्चा झाली. तेव्हा टेलिमेडिसिनसाठी स्पष्ट नियम नव्हते. २०२० च्या नियमांनी निदान चौकट आखून दिली.

चौकट माहीत नसली की डॉक्टर दोन टोकांना जातो. एक तर भीतीपोटी प्रत्येकाला ‘नांदेडला जा’ सांगून मोकळा होतो आणि मग सेवेचा उपयोगच उरत नाही. नाही तर आत्मविश्वासाच्या भरात ज्याला पाठवायला हवे त्यालाच गोळ्या देऊन घरी बसवतो. दोन्हीकडे नुकसान रुग्णाचेच. नियम माहीत असलेला डॉक्टर अधिक निर्धास्तपणे सल्ला देतो आणि नकारही देऊ शकतो. दुरून तपासून भागणार नाही असे वाटले, तर कोणत्याही टप्प्यावर सल्ला थांबवून रुग्णाला प्रत्यक्ष बोलावण्याचा अधिकार हे नियम डॉक्टरला देतात. आणि रुग्णाची यायची तयारी असेल, तर त्याला फोनवरच थांबवून ठेवता येत नाही, हेही तेच नियम सांगतात.

हळदीचे हात आणि पडद्याचा रंग

पडद्यावरून तपासणी करण्याचे कौशल्य पुस्तकी नाही. हिंगोली आणि वसमत हा हळदीचा पट्टा. हंगामात हळद हाताळणाऱ्यांचे तळहात आणि नखे पिवळी होतात. त्यातच खोलीतला बल्ब आणि मोबाइलचा कॅमेरा आपापला रंग मिसळतात. कावीळ आहे की नाही, रक्त कमी आहे की नाही, हे अशा चित्रावरून ठरवू गेले तर फसगत ठरलेली. शहाणा डॉक्टर रुग्णाला दाराजवळ, दिवसाच्या उजेडात बसवायला सांगेल. तळहात न पाहता डोळ्यांचा पांढरा भाग पाहील. लघवीचा रंग विचारेल. आणि शंका उरली तर पडद्यावर विसंबून न राहता रक्त तपासायला लावेल.

दुसरी गोष्ट भाषेची. जिथे हात लावता येत नाही तिथे बोलणे हेच तपासणीचे मुख्य साधन. इथला रुग्ण ‘अंगात कसर हाय’, ‘जीव घाबरायलाय’, ‘छातीत भरल्यावानी व्हायलंय’ असे सांगतो. तांड्यावरची आजी गोरमाटीत बोलते, कुणी दखनीत. ‘जीव घाबरायलाय’ म्हणजे नुसती मनाची घालमेल, की हृदयाचा झटका, की साखर उतरली? समोर असता तर डॉक्टरने नाडी धरली असती. पडद्यावर त्याला पुढचे चार प्रश्न नेमके विचारावे लागतात : कधीपासून, चालल्यावर वाढते का, घाम येतोय का, हात किंवा जबडा दुखतोय का?

तिसरी गोष्ट एकांताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. बाकीच्या जणी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवरून बोलणार. सासू शेजारी बसलेली असताना अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार सुनेच्या तोंडून येणार नाही. म्हणून ‘तुमच्यासोबत आत्ता कोण कोण आहे?’ हा प्रश्न ताप किती आहे याइतकाच महत्त्वाचा.

उपकेंद्रातले हात

उपकेंद्रातून होणाऱ्या सल्ल्यात एक मोठी सोय आहे. तिथे रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस असतो. महाराष्ट्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांपैकी बरेच जण बीएएमएस पदवीधर आहेत. रक्तदाब, साखर, तापमान, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूची पातळी हे ते पाहू शकतात. पायावर बोट दाबून सूज पाहू शकतात. खोकणाऱ्या बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजू शकतात. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद मानावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. हा आकडा पडद्यापलीकडच्या डॉक्टरला निर्णयाच्या जवळ नेतो, मग नेटवर्क कितीही अडखळत असो.

म्हणजे उपकेंद्रातला माणूस हा डॉक्टरचा हात असतो. त्या हाताकडून काम करून घेणे, त्याचे म्हणणे ऐकणे, ‘सर, मला या बाईचं काही ठीक वाटत नाही’ हे त्याचे वाक्य गांभीर्याने घेणे, हे सारे शिकावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयात वरिष्ठ-कनिष्ठाची उतरंड पक्की असते. तिथे वाढलेल्या तरुण डॉक्टरला हे जरा जड जाते.

नीट वापरले तर टेलिमेडिसिनचा फायदा होतो, याला पुरावा आहे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये ९३ चाचण्यांचा आणि त्यातील २२ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांत दुरून देखरेख केली तरी मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारांइतकेच राहिले आणि मधुमेहींची साखर अधिक चांगली आटोक्यात राहिली. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या दीर्घ आजारांच्या फेरतपासणीत याचा उपयोग अधिक आहे. पोटात अचानक उठलेल्या कळेचे निदान मात्र हात लावल्याशिवाय अवघडच.

शिकवायचे कुठे आणि कसे?

यासाठी नवा विषय किंवा नवे पुस्तक लागेलच असे नाही. २०२१ च्या नियमांनुसार बारा महिन्यांच्या इंटर्नशिपमधील बारा आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी आहेत. या काळात इंटर्नने काही दिवस ई-संजीवनीवर डॉक्टरच्या बाजूला बसावे आणि तितकेच दिवस उपकेंद्रात, रुग्णाच्या बाजूला बसावे. नेटवर्क गेल्यावर म्हातारा बाबा कसा गोंधळतो, डॉक्टर घाईने बोलला की रुग्ण नुसतीच मान कशी हलवतो, लिहून दिलेले औषध उपकेंद्रात नसले की काय होते, हे त्या बाजूने बसल्याशिवाय कळत नाही.

वर्गातही सराव करता येतो. एका विद्यार्थ्याने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने आरोग्य अधिकारी आणि तिसऱ्याने शेजारच्या खोलीतून फोनवर सल्ला द्यावा. संमती घेतली का, ओळख पटवली का, धोक्याची लक्षणे विचारली का, पुन्हा कधी दाखवायचे ते सांगितले का, हे शिक्षकांनी यादीवर टिपावे. आणि परीक्षेत याला गुण असावेत, कारण ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी मनावर घेत नाहीत.

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. मोठ्या महाविद्यालयातून आलेले हे डॉक्टर जिल्ह्यातले रुग्ण ओळखू लागले, की परत गेल्यावर फोनच्या पलीकडचा आवाज त्यांना परका वाटणार नाही. हिंगोलीचे महाविद्यालय नवे आहे. त्याच्या सवयी अजून घडायच्या आहेत. इथे पहिल्या तुकडीपासूनच हे शिक्षण रुजवणे सोपे जाईल.

दूरवरून सल्ला घेताना रुग्णांनी काय पाहावे?

- डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. तो सांगणे त्यांचे कर्तव्य आहे.
- आपले खरे वय, चालू असलेली सर्व औषधे, गरोदरपण आणि औषधांची ॲलर्जी न विचारता सांगा. जुन्या चिठ्ठ्या हाताशी ठेवा.
- शक्यतो उजेडात आणि शांत जागी बसा. खासगी बोलायचे असेल तर तसे आरोग्य अधिकाऱ्यांना आधी सांगा.
- लहान मुलासाठी सल्ला घेताना मोठ्या माणसाने सोबत असावे.
- औषध किती दिवस घ्यायचे आणि बरे न वाटल्यास कधी, कुठे यायचे, हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका.
- छातीत दुखणे, श्वास लागणे, बेशुद्धी, झटके, सर्पदंश, विषबाधा, जास्त रक्तस्राव यांत सल्ल्याची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.
- मन अस्वस्थ असेल, झोप उडाली असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.
- प्रत्यक्ष दाखवायची इच्छा असेल तर तसे स्पष्ट सांगा. तो आपला हक्क आहे.

काही वर्षांनी हिंगोलीतून शिकून निघालेली एखादी डॉक्टर पडद्यावर उपकेंद्रातल्या एका आजोबांना पाहील, साखर आणि रक्तदाब विचारेल, औषध तेच पुढे चालू ठेवायला सांगेल आणि त्यांची नांदेडची एक फेरी वाचवेल. त्याच सकाळी दुसऱ्या रुग्णाला ती दोन मिनिटांत ‘थांबू नका, लगेच निघा’ असेही सांगेल. या दोघांतला फरक तिला ओळखता आला, तर हे शिक्षण पोचले असे समजावे.